कानाझावात घेतलेलं पंचशील

बाबा गेल्यानंतर आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे जर्मनीत, येनाला आली, तेव्हा तिच्या बॅगेत पापड-लोणच्यापेक्षा मेणबत्त्या जास्त निघाल्या. जाड, पांढऱ्या, नागपूरच्या आमच्या कॉलनीतल्या दुकानातून घेतलेल्या. मी म्हटलं, अगं, जर्मन लोकांइतक्या मेणबत्त्या जगात कोणी जाळत नाही, इथे ढिगाने मिळतात. त्यावर ती म्हणाली, "मिळत असतील. पण त्यांना अत्तर लावलेलं असते." आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. उभा जन्म फिनेलच्या वासात काढलेल्या बाईला सुगंधाचं कौतुक नसतं.

मेणबत्त्या वंदनेसाठी होत्या. आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना व्हायची. बुद्धाची हातभर मूर्ती, शेजारी सुटाबुटातला तो फोटो, जो आमच्याकडच्या प्रत्येक घरात असतो, समोर मेणबत्ती आणि उदबत्ती. बाबा एक ओळ म्हणायचे आणि आई त्यांच्या मागून तीच ओळ म्हणायची. ज्यांना आमच्या घरातलं ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं, की त्रिशरण आणि पंचशील हे नुसतं म्हणायचं नसतं, ते घ्यायचं असतं. आधी आपण ते मागायचं. मग देणारा म्हणतो, मी म्हणतो तसं म्हणा. आपण म्हणायचं, "आम भन्ते", म्हणजे होय भन्ते. मग तो एकेक ओळ देतो आणि आपण ती घेतो. विहारात भिक्खू आले असतील तर ते देतात, नसतील तर वस्तीतलं कोणी जाणतं माणूस. आमच्या विहारातलं जाणतं माणूस म्हणजे बाबा. आठवडाभर पोस्टात शिक्के मारायचे आणि रविवारी पांढरा सदरा घालून पंचशील द्यायचे. शेवटचं वर्ष तेवढं गुडघ्यामुळे त्यांचं विहारात जाणं सुटलं होतं.

ते गेले त्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी आईने मेणबत्ती लावली, हात जोडले आणि थांबली. मी येनाहून आलेली, शेजारीच होते. पुढची ओळ कोणी देईना. खूप वेळ ती तशीच उभी राहिली आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हापासून तिने पंचशील घेतलं नव्हतं. विहारात जायची, पण मागच्या रांगेत मिटल्या ओठांनी बसायची. बाबांच्या जागी जे गृहस्थ आले होते ते म्हणे पेपर वाचल्यासारखं म्हणायचे. मी एकदा फोनवर म्हटलं की तूच म्हण ना, तुला सगळं तोंडपाठ आहे. त्यावर ती एवढी चिडली की आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

आता नोव्हेंबरात बाबांना वर्ष होणार होतं. त्या दिवशी बाबांसाठी पुण्यानुमोदन करायचं, म्हणजे आपलं पुण्य त्यांच्या नावे करायचं, आणि त्याआधी कोणाकडून तरी रीतसर शील घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण येनात विहार कुठला आणि भन्ते कुठले! आमच्या ओळखीच्या पुण्याच्या एक काकू होत्या, फार मायाळू बाई. त्यांनी आपण होऊन सांगितलं की कोलोनला एक गुरुजी आहेत, ते फोनवरून वर्षश्राद्ध सांगतात. आई म्हणाली, "आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात श्राद्ध नसते." त्यावर काकूंनी आईला चकल्यांची भाजणी कशी करता ते विचारलं. शेवटी मीच म्हटलं, मी देते तुला शील. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तू शुक्रवारी हापिसातल्या लोकांसंग बीअर पितेस. पाचवं शील तूच मोडून राहिली, मला काय देतेस?"

आणि शुक्रवारची बीअर मी काही सोडणार नव्हते.

अशात कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी जपानला जायला सांगितलं. मी भिंगांच्या कारखान्यात काम करते. भिंगाचा पृष्ठभाग तपासणं हे माझं काम, आणि त्यावर जो पातळ लेप चढवतात तो कानाझावा नावाच्या शहरातल्या एका छोट्या कारखान्यात आमच्यापेक्षा चांगला चढवतात. तो कसा चढवतात ते शिकून यायचं होतं. आईला येनात एकटं ठेवायचं कसं या विचाराने मी भीतभीतच विषय काढला. तिचा चेहरा वर्षात पहिल्यांदा उजळला. "जपान? म्हणजे तिथं तर पावलोपावली भन्तेच असतील!"

मग काय, व्हिसासाठी टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मग आणखी एक टेर्मिन, हॉटेलऐवजी घर भाड्याने घेण्याचे उपद्व्याप, सगळं झालं. विमानात तिने जेवणाला हात लावला नाही, पण पांढऱ्या पातळाची घडी मोडू नये म्हणून ती पिशवी मांडीवर धरून बसली.

कानाझावात नदीपलीकडे देवळांची एक आळीच आहे. एकाला लागून एक देवळं, बहुतेक लहान, मध्ये घरं, एखादं तांदळाच्या पिठीच्या मिठाईचं दुकान, न्हाव्याचं दुकान. प्रवासी लोक शहरातली मोठी बाग आणि किल्ला पाहून जातात, या आळीत फारसं कोणी येत नाही. आमचं भाड्याचं घर तिच्या तोंडाशीच होतं. मी कारखान्यातून आले की आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघी या देवळांतून हिंडायचो. आईचं कारण एकच होतं, भन्ते शोधायचे. माझं कारण सुरुवातीला आईच होती.

पहिलंच देऊळ मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. लाकडी कमान, दार सताड उघडं, आत माणूस नाही. ना पहारेकरी, ना दानपेटीशी कोणी, ना पाटी. पांढरी वाळू दाताळ्याने ओढून तिच्यावर रेघा काढलेल्या, आणि त्या रेघांवर लाल पानं पडलेली, तीही मोजकीच. बागेतल्या जुन्या पाइन झाडाला मधोमध उंच बांबू बांधून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोऱ्या सोडल्या होत्या. पुढे बर्फ पडलं की फांद्या मोडू नयेत म्हणून हिवाळ्याआधीच प्रत्येक झाडाला असे दोर बांधतात. एकेका फांदीची एवढी काळजी! मी तिथेच उभी राहिले. ते झाड माझ्या पणज्याच्याही आधीचं असणार आणि दरवर्षी कोणीतरी शिडी लावून त्याच्या फांद्या सावरत आलेलं. मला एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि मी काही झाडं पाहून रडणाऱ्यांतली नाही.

मागे वळून पाहिलं तर आई कमानीबाहेरच. "ये ना," मी म्हटलं.

"विचारलंस का?"

"कोणाला विचारू? दार उघडं आहे."

"उघडं असलं म्हणून काय झालं? विचारून ये."

मी कपाळाला हात लावला. आत जाऊन हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. परत येऊन खोटंच सांगितलं की हो म्हणाले, तेव्हा कुठे ती आत आली. प्रत्येक देवळापाशी हेच. दार उघडं, आई बाहेर, "विचारलंस का?" दोन-तीन दिवसांनी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, नागपुरात तू साहेबाच्या केबिनमध्ये दार न वाजवता घुसायचीस, मोठमोठ्या डॉक्टरांना खडसावायचीस, इथे काय झालंय तुला?

आई नदीच्या कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, "विहारात मी बिनधास्त जाते, ते आपलं आहे. पण हे देऊळ दिसून राहिलं ना. माझ्या बापाने गावचं देऊळ बाहेरच्या बाभळीखालून पाहिलं. एकदा पायरीवर पाय ठेवला तर काय झालं ते त्याने मला पाठीवर दाखवलं होतं. मी लहान होती. ते डोक्यात बसलं." एवढं बोलून तिने रुमाल काढून नाक पुसलं आणि चल म्हणाली. त्यानंतर मी प्रत्येक कमानीपाशी खरंच आत जाऊन विचारायला लागले. माणूस नसला तर दारातल्या दगडी कंदिलाला विचारायचे, पण विचारायचे.

भन्ते शोधण्याचं मात्र काही खरं नव्हतं. एका देवळाच्या अंगणात मुंडण केलेला, निळ्या कपड्यांतला माणूस बसून शेवाळातलं गवत उपटत होता. आईला मनात मावेना एवढा आनंद झाला. ती थेट ओल्या जमिनीवर बसली आणि गुडघे, कोपर, कपाळ टेकवून पंचांग प्रणाम केला. तो बिचारा घाबरून उभाच राहिला, मग त्यानेही घाईघाईने तसंच कपाळ टेकलं, आणि दोघं एकमेकांपुढे ओणवी. तो माळी होता. डोक्यावर केस नव्हते ते वयामुळे. आई पातळावरची माती झटकत म्हणाली, "असू दे. चांगला माणूस दिसला."

दुसऱ्या देवळातले पुजारी खरे होते, पण स्कूटरवरून आले, मागे बायको, बायकोच्या हातात पालेभाजीची जुडी आणि दुधाचे डबे. आईने मला कोपर मारलं. "भन्तेला बायको?" मी सांगितलं की इथे असंच असतं, इथले भन्ते संसार करतात, देऊळ बापाकडून मुलाकडे जातं. आई संध्याकाळभर कोणाशी बोलली नाही. कोणाशी म्हणजे माझ्याशीच, तिसरं होतं कोण? झोपताना म्हणाली, "एवढ्या लांब आलो आणि इथं बी तुझ्या बाबांसारखेच संसारी पोस्टमास्तर."

पण मला आता त्या देवळांची ओढ लागली होती, खोटं कशाला सांगू. भिंगांचे पृष्ठभाग तपासून पोट भरणारी मी. गुळगुळीत म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटायचं. एका देवळातल्या लांब ओसरीच्या फळ्या पाहिल्या आणि माझं सगळं शिक्षण गळून पडलं. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून पुसून ते लाकूड असं झालं होतं, की बाहेरचं लाल झाड त्यात मुळापासून शेंड्यापर्यंत उलटं उभं होतं. यंत्र नाही, लेप नाही, शेकडो वर्षं हातात फडकं घेऊन ओणवी धावणारी माणसं फक्त. गाभाऱ्यात काळोख होता. त्या काळोखात डोळे सरावले की आधी सोनेरी कडा दिसायच्या, मग हळूहळू एक खांदा, मग अर्धे मिटलेले डोळे. आमच्या विहारात ट्यूबलाइटखाली लख्ख पांढरा बुद्ध असतो, दारातूनच दिसतो. इथे त्याची वाट पाहावी लागे. आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, अंधारात काहून बसवलं रे बाबा याला. आता तीच गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसून राहायची आणि मी निघायचं म्हटलं तर म्हणायची, "थांब, अजून नाही दिसला पुरता." हे ऐकून मला कसं वाटायचं ते सांगता येत नाही. वर्षभर जिचं कशातच मन नव्हतं ती कोणाची तरी वाट पाहत होती.

आणि तो दिवस उजाडला. रविवार होता. आईने पांढरं पातळ नेसलं, मेणबत्त्या, उदबत्ती घेतली. मी स्वेटर, वर कोट, वर शाल असं तिला गुंडाळलं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. आळीच्या अगदी टोकाला, उताराच्या पायऱ्यांपाशी एक देऊळ आम्ही कधी पाहिलं नव्हतं, कारण त्याची कमान दोन घरांच्या मधल्या बोळात होती. मी नेहमीप्रमाणे आत जाऊन हाक मारली. माझ्या जपानीचा संग्रह चार शब्दांचा होता, ते चारही वापरले. आतून सत्तरीच्या एक बाई आल्या, एप्रन लावलेल्या. मी इंग्रजीत सुरुवात केली, त्या कसनुशा हसल्या. मग माझ्या तोंडून सवयीने जर्मन शब्द गेला, आल्झो, म्हणजे 'तर मग', आणि त्या बाईंचे डोळे एवढाले झाले.

तरुणपणी त्या कोलोनला पियानो शिकायला होत्या. मग बापाने बोलावून घेतलं आणि या देवळात लग्न लावून दिलं. चाळीसएक वर्षांत त्या कोणाशी जर्मन बोलल्या नव्हत्या. शब्द त्या एकेक करून, पेटीतून काढून पुसून ठेवल्यासारखे काढत होत्या, पण उच्चार असे की आमच्या येनातले लोकही लाजावेत. त्यांनी कमानीबाहेर उभ्या आईकडे पाहिलं आणि विचारलं, त्या बाहेर का?

मी म्हटलं, तुम्ही बोलवाल म्हणून.

त्या एप्रनला हात पुसत बाहेर गेल्या, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आईला हाताला धरून आत घेऊन आल्या.

आत केरोसीनचा स्टोव्ह होता, चहा आला. त्या बाईंचे यजमान, म्हणजे तिथले पुजारी, आतून आले. काळा झगा, उंच, वाकलेले, भुवया पांढऱ्या. बोलणं असं चाललं की आई मराठीत बोलायची, मी ते जर्मनमध्ये सांगायचे, बाई जपानीत, आणि उत्तर त्याच रस्त्याने उलटं यायचं. मी बाबांचं सांगितलं. पुजारी म्हणाले, त्यांच्यासाठी मी आत्ताच सूत्र म्हणतो. आई म्हणाली, "म्हणावं त्यांनी, चांगलंच आहे. पण मला आधी शील द्यावं. पाचही. आपल्या भाषेतलं."

पालीला आई आपली भाषा म्हणते.

हे तिकडे पोचलं आणि पुजाऱ्यांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. स्टोव्ह सुरसुरत होता. मग सावकाश बोलले, आणि त्यांच्या बायकोने तितक्याच सावकाश मला सांगितलं. तीन शरणं त्या भाषेत ते तरुणपणी मठात शिकले होते, अजून थोडी आठवतात. पण ती पाच वचनं त्या भाषेत त्यांना कधी कोणी दिलेली नाहीत. ते म्हणत होते, आमच्या पंथातली वचनं वेगळी आहेत, वेगळ्या शब्दांत आहेत. जे मला कोणी दिलं नाही ते मी यांना कसं देऊ?

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. चाल." आणि गुडघ्यावर हात देऊन उठायला लागली. तिचा चेहरा मला बघवेना. एवढ्या लांबून, एवढ्या कमानींबाहेर उभं राहून, त्या एका दिवसासाठी आलेली बाई, आणि पुन्हा तेच, देणारं कोणी नाही.

तेवढ्यात पुजाऱ्यांनी हात वर करून थांबवलं. काही विचारलं. बाई म्हणाल्या, ते विचारतात, तुमच्या आईला ती कोणी दिली?

आई म्हणाली, "माझ्या बापाच्या मांडीवर बसून घेतली. नागपुरात, मोठ्या मैदानावर. आम्ही सगळे बौद्ध झालो त्या दिवशी. नजर पोचेल तिथपर्यंत माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. आपल्या घरात फोटो आहे ना, त्यांनी स्वतः दिली. लाउडस्पीकरवर त्यांचा आवाज आला की माझा बाप म्हणायचा, आणि बापाच्या मागून मी." हे तिने मला आजवर अनेकदा सांगितलं होतं, पण ते जर्मनमध्ये सांगताना मला पहिल्यांदाच कळलं की मी काय सांगते आहे. त्या फोटोतल्या माणसाविषयी मी पुजाऱ्यांना जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. आणि आईच्या बापाने देऊळ कुठून पाहिलं तेही सांगितलं.

पुजारी बुद्धासमोरच्या त्यांच्या आसनावर बसले होते. ते उठले, आसनाच्या बाजूला झाले आणि त्या रिकाम्या आसनाकडे उघड्या पंजाने खूण केली. बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, मग त्यांनी आम्हाला द्यावीत."

"मी?" आई म्हणाली. "मी कोण देणारी?" मग माझ्याकडे वळून, हळूच, "ते तिथं बसायला बोलावून राहिले ना? तू नीट ऐकलं ना?"

नीट ऐकलं, मी म्हटलं.

पुजारी पुन्हा काही बोलले आणि त्यांच्या बायकोला हसू आलं. ते विचारत होते, पाचवं दारूबद्दलचं आहे का, आणि असल्यास थंडीच्या दिवसांत थोडी साके चालेल का. आई एकदम नर्स झाली. "अजिबात नाही." हे भाषांतर होण्याआधीच सगळ्यांना कळलं. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी बरोबर. तेच त्यांना हवं आहे."

आई आसनावर बसली. समोर आम्ही तिघं, पुजारी, त्यांची बायको आणि मी, गुडघ्यांवर. नागपूरच्या मेणबत्तीला कानाझावाची काडी लावली. मागण्याचे शब्द मी म्हटले, तेवढे मला येत होते. त्याला देणाऱ्याचं उत्तर असतं, मी म्हणते तसं म्हणा. ते वाक्य आईने जन्मात उच्चारलं नव्हतं. ते भन्तेंचं असतं, नाहीतर बाबांचं. ती थांबली. मला वाटलं, आता ही उठून स्वयंपाकघरात जाईल, आणि इथे तर स्वयंपाकघरही तिचं नाही.

मग ते वाक्य आलं. स्पष्ट, वॉर्डात हाक मारावी तशा आवाजात. आम्ही तिघांनी हात जोडून म्हटलं, "आम भन्ते."

ज्या बाईच्या बापाला पायरीवरून हाकललं, ती एका जुन्या देवळाच्या आतल्या आसनावर बसली होती, आणि त्या देवळाचा पुजारी तिच्या मागून एकेक शब्द म्हणत होता, लहान मुलासारखा, तिच्या ओठांकडे पाहत. तिच्या मागे काळोखात तो अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा चेहरा हळूहळू दिसायला लागला होता. एवढं मोठं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. पाचवं झालं तेव्हा पुजाऱ्यांनी कपाळ जमिनीला टेकलं. आई दचकून, "अहो, उठा उठा," करत त्यांना उठवायला गेली.

मला वाटलं, संपलं. मी डोळे पुसायला लागले. आई मात्र आसनावरून खाली उतरली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "त्यांना सांग, आता तुम्हाला मिळालं ना? मग आता तुम्ही मला द्या."

हे जर्मनमध्ये सांगताना मला दोनदा सुरुवात करावी लागली. पुजाऱ्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि जाऊन आपल्या आसनावर बसले. शरणं त्यांना येत होती. त्यांच्या जड, खोल आवाजात बुद्धाचं नाव आलं आणि आईने डोळे मिटून मागून म्हटलं. वर्षभरानंतर. शीलांपाशी मात्र ते अडखळायला लागले. एकदाच ऐकलेले एवढे मोठे शब्द लक्षात राहणार कसे? शब्द अडला की आई डोळे न उघडता तो अगदी हळू सांगायची, ते तो मोठ्याने म्हणायचे, आणि मग ती त्यांच्या मागून असा म्हणायची, की जणू तिने आत्ताच पहिल्यांदा ऐकला. पाचही शीलं अशीच झाली. मग बाबांचं नाव घेऊन पुण्यानुमोदन झालं, पुजाऱ्यांनी त्यांचं सूत्र म्हटलं, आणि बाईंनी आम्हाला तांदळाच्या पिठाचे गोड गोळे दिले.

बाहेर पायरीवर बसून आम्ही बूट घालत होतो. मन इतकं भरून आलं होतं की मला थट्टाच सुचली. म्हटलं, "आई, म्हणजे देणारीही तूच आणि घेणारीही तूच की."

"मग?" आई बुटाची नाडी ओढत म्हणाली. "शेवटच्या वर्षी तुझ्या बाबांचं काय वेगळं होतं? त्यांना एक ओळ आठवत नव्हती. म्हणून तर विहार सोडला त्यांनी, गुडघ्याचं नुसतं निमित्त. घरी मी हळूच सांगायची, मग ते म्हणायचे, मग मी म्हणायची. कोणाला सांगू नको म्हणाले होते. पण आता झालं ना वर्ष."

मी एक बूट घालून तशीच बसले. त्या वर्षी दर रविवारी मी येनाहून फोन करायचे तेव्हा तिकडे वंदना चाललेली असायची, आणि बाबा फोन तसाच उचलून ठेवायचे, मला ऐकू यावं म्हणून. बाबांचा आवाज मोठा यायचा. प्रत्येक ओळीच्या आधी काहीतरी पुटपुटल्यासारखं यायचं, आणि मला वाटायचं, लाइन खराब आहे.